देशबंधूंचा नातू आणि 25 जूनची दुपार : सिद्धार्थ शंकर राय

नमस्कार मंडळी.

जानेवारी 1925. बंगालच्या विधिमंडळात एका आजारी माणसाला स्ट्रेचरवरून आणलं जातं. सरकारनं एक विधेयक मांडलंय : संशयित क्रांतिकारकांना नेहमीचा खटला न चालवता डांबून ठेवता यावं म्हणून. या माणसाला त्याच्या विरोधात मत द्यायचंय. विधेयक 57 विरुद्ध 66 मतांनी पडतं. गव्हर्नरनं पुढे आपला खास अधिकार वापरून तो कायदा आणलाच, पण विधिमंडळाची संमती काही त्याला मिळाली नाही.

तो आजारी माणूस म्हणजे देशबंधू चित्तरंजन दास. अरविंद घोषांचा अलीपूर बॉम्ब खटला लढवणारे बॅरिस्टर, कलकत्त्याचे पहिले महापौर. त्याच वर्षी 16 जूनला दार्जिलिंगमध्ये ते वारले. भवानीपूरचं राहतं घर त्यांनी आधीच देशाला देऊन टाकलं होतं. तिथे आज चित्तरंजन सेवासदन हे रुग्णालय आहे.

त्यांच्या मुलीचा, अपर्णादेवींचा मुलगा म्हणजे सिद्धार्थ शंकर राय. बंगालमध्ये सगळे त्यांना ‘मानूदा’ म्हणत. जन्म 1920चा. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले, क्रिकेट खेळले, विलायतेत जाऊन आजोबांसारखेच बॅरिस्टर झाले. 1957मध्ये आमदार झाले तेही भवानीपूरमधूनच, आणि लगेच मुख्यमंत्री विधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात कायदेमंत्री. पण पुढच्याच वर्षी त्यांनी भ्रष्टाचाराचा मुद्दा काढून मंत्रिपद आणि आमदारकी दोन्ही सोडलं. पोटनिवडणुकीला अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसला हरवून निवडून आले. मला हा माणूस इथे फार आवडतो. घराण्याचं नाव पाठीशी असताना स्वतःच्याच पक्षाला अंगावर घ्यायला हिंमत लागते.

पुढे ते काँग्रेसमध्ये परतले. 1971मध्ये रायगंजमधून खासदार झाले, केंद्रात शिक्षणमंत्री झाले आणि बंगालच्या कारभाराची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मार्च 1972मध्ये मुख्यमंत्री. त्या निवडणुकीत प्रचंड गैरप्रकार झाल्याचा आरोप करून मार्क्सवाद्यांनी विधानसभेवर बहिष्कार टाकला. नक्षलवाद्यांचा बीमोड सुरू होताच. नक्षलवाद्यांचे नेते चारू मुजुमदार जुलै 1972मध्ये पोलिसांच्या ताब्यात असतानाच वारले. खटल्याशिवाय तुरुंगात पडलेल्या तरुण पोरांची घरं बंगालमध्ये गल्लोगल्ली होती. आणि मुख्यमंत्री कोण, तर देशबंधूंचा नातू.

आता जानेवारी 1975. स्ट्रेचरच्या त्या प्रसंगाला 50 वर्षं झालीत. राय इंदिरा गांधींना स्वतःच्या हातानं पत्र लिहितात : संघाच्या आणि आनंदमार्ग या धार्मिक पंथाच्या प्रमुख लोकांच्या याद्या राज्याराज्यांत तयार करायला सांगा, वटहुकूम तयार ठेवा.

25 जूनला सकाळी इंदिराजींनी त्यांना दिल्लीत घरी बोलावलं. देशाला धक्का द्यायला हवा, असं इंदिराजींचं म्हणणं होतं. राय यांनी विचाराला वेळ मागितला, घटना काढून वाचली आणि दुपारी परत येऊन कलम 352, म्हणजे आणीबाणी जाहीर करण्याचं कलम, सुचवलं. त्यात तेव्हा ‘अंतर्गत अशांतता’ असे शब्द होते. मंत्रिमंडळाला आधी विचारायचं राहिलं तर? कामकाजाच्या नियमांत तीही सोय होती : पंतप्रधानांनी निर्णय घ्यायचा, मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर. संध्याकाळी दोघं राष्ट्रपती भवनात गेले. मध्यरात्रीच्या आत फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली. मंत्र्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडे ‘मिसाबंदी’ (‘मिसा’ या खटल्याशिवाय डांबण्याच्या कायद्याखालचे कैदी) म्हणतात ती हजारो माणसं त्यानंतर आत गेली. येरवडा भरून गेला.

हायकोर्टांना कुलपं लावायला आणि वर्तमानपत्रांची वीज तोडायला आपण त्या रात्री विरोध केला, असं राय पुढे सांगत राहिले. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. पण वाट दाखवली ती त्यांनीच. सत्तेनं मागितलं तेव्हा आजोबांकडून आलेली वकिलीची विद्या त्यांनी तिच्या हाती दिली. याबद्दल त्यांना मी माफ करू शकत नाही.

1977मध्ये बंगालमध्ये डावे आले आणि 34 वर्षं राहिले. राय 1986मध्ये पंजाबचे राज्यपाल झाले. तिथे तेव्हा पोलीसप्रमुख होते आपल्या मुंबईचे ज्युलिओ रिबेरो. मग 1992 ते 1996 अमेरिकेत राजदूत. 6 नोव्हेंबर 2010ला कोलकात्यात ते वारले, 90 वर्षांचे होऊन.

त्यांनी दुपारी शोधलेली ती वाट मात्र 1978च्या 44व्या घटनादुरुस्तीनं बंद झाली. ‘अंतर्गत अशांतता’ खोडून तिथे ‘सशस्त्र बंड’ लिहिलं गेलं. आणि आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही.