शनिवार संध्याकाळ, वॉशिंग्टन

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एका शनिवारची गोष्ट सांगायची आहे. तारीख २० ऑक्टोबर १९७३, गाव वॉशिंग्टन. विषय तसा कायद्याचा आहे. अमेरिकेत अध्यक्षावर किंवा त्याच्या माणसांवर संशय आला की चौकशीला विशेष अभियोक्ता नेमतात. अलीकडे त्याला स्पेशल कौन्सेल म्हणतात. त्याला कोणी नेमायचं, कोणी काढायचं, यावरून तिथे पन्नास वर्षं कोर्टात आणि राजकारणात भांडण चालू आहे. पण तो शनिवार माहीत नसेल, तर त्या भांडणातलं अवाक्षर कळत नाही. म्हणून आधी शनिवार.

गाठ कुठे आहे, ते एका वाक्यात सांगतो. अमेरिकेत खटले भरणारे सगळे केंद्र सरकारचे वकील न्यायखात्यात असतात. त्या खात्याचा प्रमुख अ‍ॅटर्नी जनरल, आणि त्याला नेमतो अध्यक्ष. मग अध्यक्षावरच संशय असेल तर? बाहेरचा वकील आणतात, कचेरी वेगळी देतात, माणसं त्याची त्याला निवडू देतात. पण पगार सरकारी, आणि काढण्याचं पत्रही सरकारीच. पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे: ज्याची चौकशी करायची, त्याच्याच हाताखालच्या माणसाने तुम्हाला नेमलेलं असतं.

आपल्याला हे नवं नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा गादीवर बसले, आणि त्यांनाच देहांत प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांच्याच पदरचे न्यायाधीश होते. शास्त्रीबुवा सांगायचं ते सांगून पुणं सोडून गेले. मी वॉशिंग्टनची गोष्ट सांगणार आहे ती बरोबर दोनशे वर्षांनंतरची.

तर १७ जून १९७२ रोजी वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेली पाच माणसं पकडली गेली. वर्षभरात त्याचे धागेदोरे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या व्हाइट हाऊसपर्यंत पोचले. निक्सननी नवा अ‍ॅटर्नी जनरल म्हणून एलियट रिचर्डसन यांचं नाव दिलं. नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते. सिनेटर म्हणाले, आधी स्वतंत्र अभियोक्ता नेमण्याचं कबूल करा. रिचर्डसननी शब्द दिला. हा शब्द लक्षात ठेवा. शब्द असा की, मी नेमीन त्या माणसाच्या कामात मी ढवळाढवळ करणार नाही, आणि त्याच्या हातून अगदी अघटित गैरवर्तन घडलं तरच त्याला काढीन.

आणि त्यांनी कोणाला नेमलं? आपल्या गुरुजींना! आर्चिबाल्ड कॉक्स हे हार्वर्डमध्ये कायदा शिकवत आणि रिचर्डसन त्यांचे विद्यार्थी. कॉक्स साठी ओलांडलेले, बारीक कापलेले केस, गळ्यात बो टाय, आवाज वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांचा.

जुलै महिन्यात एक गोष्ट बाहेर आली. अध्यक्षांच्या दालनात होणारं सगळं बोलणं टेपवर घेतलं जातं! कॉक्सनी नऊ टेप मागितल्या. निक्सन नाही म्हणाले. न्यायाधीश जॉन सिरिका यांनी द्या म्हणून हुकूम केला, १२ ऑक्टोबरला वरच्या कोर्टाने तो कायम केला. तेव्हा निक्सननी तोडगा काढला. टेप नाही, टेपमधल्या मजकुराचा टाईप केलेला गोषवारा देतो. तो बरोबर आहे की नाही ते सिनेटर जॉन स्टेनिस टेप ऐकून सांगतील. स्टेनिस बहात्तर वर्षांचे होते. मान्यवर माणूस, पण त्यांना ऐकू कमी येत असे. आणि दुसरी अट: यापुढे कॉक्सनी कोर्टात जाऊन आणखी टेप मागायच्या नाहीत.

इथे अमेरिकन माणसाला जे समजवायला वेळ लागला असेल, ते मराठी माणसाला लगेच कळेल. ध चा मा! नारायणरावांना 'धरावे' असं पत्रात होतं, त्याचं कोणीतरी 'मारावे' केलं, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. इतिहासकार त्यावर काहीही म्हणोत, त्यातलं मर्म खरं आहे. एका अक्षराने जीव जातो. कोर्टापुढे नक्कल चालत नाही, मूळ कागद लागतो. कॉक्स मूळ टेपवर अडून बसले ते यासाठी. आणि ते किती बरोबर होते ते महिन्याभरात दिसलं. २० जून १९७२ च्या एका टेपमध्ये साडेअठरा मिनिटं नुसती खरखर निघाली. बोलणं पुसलेलं.

आता तो शनिवार. दुपारी कॉक्स नॅशनल प्रेस क्लबमध्ये वार्ताहरांसमोर आले. पत्नी बरोबर होती. टीव्हीवर सगळा देश बघत होता. कॉक्स चिडले नाहीत, त्यांनी आवाज चढवला नाही. मी अध्यक्षांच्या मागे हात धुऊन लागलेलो नाही, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मग कोर्टाचा हुकूम काय, गोषवारा का चालणार नाही, हे वर्गात समजावावं तसं समजावलं. आणि शेवटी एक मुद्दा मांडला, जो आजच्या भांडणाच्या मुळाशी आहे: मला अ‍ॅटर्नी जनरलने नेमलंय, काढायचं तर त्यानेच काढावं लागेल.

व्हाइट हाऊसमधून रिचर्डसनना निरोप गेला, कॉक्सना काढा. ते स्वतः अध्यक्षांना भेटायला गेले. त्या दिवसांत इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध पेटलेलं होतं. निक्सन म्हणाले, रशियाचे ब्रेझनेव्ह आपल्याकडे बघताहेत, अशा वेळी माझ्याच हाताखालचा माणूस माझं ऐकत नाही असं दिसलं तर काय होईल? रिचर्डसन काही भित्रे गृहस्थ नव्हते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून जखमी माणसाला बाहेर काढलेला हा माणूस. पण त्यांनी सिनेटला शब्द दिला होता. त्यांनी राजीनामा दिला.

एक गेला.

आता खात्यात दुसरे, विल्यम रकल्सहाऊस. हे नाव तुमच्या ओळखीचं नसेल, पण यांच्या एका कामाशी आपला संबंध येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे ते पहिले प्रमुख, आणि १९७२ मध्ये तिथे शेतीतल्या डीडीटीवर बंदी घातली ती यांनीच. आपल्याकडे मलेरियाचे लोक पाठीला पंप लावून घरोघर यायचे, भिंतीवर डीडीटी मारायचे आणि दारावर तारीख लिहून जायचे. फडताळातली भांडी बाहेर काढा, पिठाचा डबा झाका, ही आईची धावपळ मला आठवते. तो पांढरट थर आणि तो वास आठवडाभर घरात असे. त्याच पावडरीवर तिकडे एका माणसाने कारखानदारांचा रोष पत्करून बंदी घातली होती, हे मला फार उशिरा कळलं. माझं तर म्हणणं आहे, सरकारी नोकरीत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं चरित्र वाचायला द्यावं.

असो. रकल्सहाऊसना फोन आला अलेक्झांडर हेग यांचा. हेग हे व्हाइट हाऊसचे चीफ ऑफ स्टाफ, मुळात लष्करातले जनरल. ते म्हणाले, तुमच्या सरसेनापतीने तुम्हाला हुकूम दिलाय. रकल्सहाऊस फौजेत नव्हते, न्यायखात्यात होते. ते नाही म्हणाले आणि त्यांनी राजीनामा लिहिला. व्हाइट हाऊसने मात्र त्यांना काढलं असं जाहीर केलं.

दुसरा गेला.

तिसरे सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क. त्यांना घ्यायला व्हाइट हाऊसची गाडी आली. बोर्क यांचं मत होतं की अध्यक्षांना हा अधिकार आहे. पत्रावर सही करून आपणही राजीनामा द्यावा असं त्यांच्या मनात होतं. पण तिघेही गेले तर खातं निर्नायकी होईल, तुम्ही राहा, असं रिचर्डसन आणि रकल्सहाऊस यांनीच त्यांना सांगितलं. बोर्कनी सही केली. कॉक्स गेले.

त्या रात्री साडेआठच्या सुमाराला व्हाइट हाऊसने बातमी दिली, आणि थोड्याच वेळात एफबीआयची माणसं विशेष अभियोक्त्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. कागद बाहेर न्यायचे नाहीत. त्या संध्याकाळला तिकडे 'शनिवार रात्रीचं हत्याकांड' म्हणतात.

आणि मग आल्या तारा. देशभरातून वॉशिंग्टनला तारांचा पाऊस पडला, लाखांनी. तार यंत्रणा तुंबली. आपल्याकडे तार म्हटली की दारात पोस्टमन दिसताच बायकांना रडू फुटायचं. वाचायच्या आधीच. २०१३ च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. कारण तारेत शब्दाला पैसे पडतात, आणि पैसे मोजून लिहिलेला शब्द माणूस तोलून लिहितो. तिकडच्या लोकांनी पदरचे पैसे मोजून आपल्या खासदाराला तारा केल्या. व्हाइट हाऊससमोर पाट्या लागल्या, 'महाभियोग हवा असेल तर हॉर्न वाजवा', आणि रात्रभर गाड्या हॉर्न वाजवत गेल्या.

मंगळवारी निक्सन यांच्या वकिलाने कोर्टात सांगितलं, टेप देतो. १ नोव्हेंबरला नवे अभियोक्ते आले, लिऑन जॉवॉर्स्की. त्यांनी आणखी टेप मागितल्या आणि भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. २४ जुलै १९७४ ला आठ विरुद्ध शून्य निकाल: टेप द्या. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

आता पुढची पन्नास वर्षं भरभर सांगतो.

शनिवारचा धडा घेऊन १९७८ साली कायदा झाला. अभियोक्ता न्यायाधीशांनी नेमायचा, आणि सबळ कारणाशिवाय काढायचा नाही. हा कायदा घटनेत बसतो का? १९८८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, बसतो. सात विरुद्ध एक. ते एक होते न्यायमूर्ती स्कालिया. खटले भरणं हे सरकारचं काम, मग ते सरकारच्या ताब्याबाहेरच्या माणसाकडे द्यायचं कसं, हा त्यांचा सवाल. तेव्हा ते एकटे पडले होते. मग आले केनेथ स्टार. जमिनीच्या व्यवहाराची चौकशी करता करता ते क्लिंटन यांच्या खासगी भानगडीपर्यंत पोचले, महाभियोग झाला, क्लिंटन सुटले. पुढे खुद्द स्टार यांनीच सिनेटपुढे सांगितलं की हा कायदा चालू ठेवू नका. १९९९ मध्ये तो संपला. दोन्ही पक्षांचे हात पोळले होते.

तेव्हापासून आहे ते नुसते खात्याचे नियम. अ‍ॅटर्नी जनरल नेमणार, अ‍ॅटर्नी जनरलच काढणार, तेही गैरवर्तनासारखं कारण असेल तर. पुन्हा सांगतो, कायदा नाही, नियम. खात्याने केलेले, खातं बदलू शकेल असे.

या नियमांखाली २०१७ मध्ये रॉबर्ट म्युलर आले. त्यांच्या अहवालात एक नोंद आहे. १७ जून २०१७ ला अध्यक्ष ट्रम्प यांनी व्हाइट हाऊसचे वकील डॉन मॅक्गान यांना घरी फोन करून म्युलरना हटवण्याची हालचाल करायला सांगितलं. ट्रम्प यांनी हे नाकारलंय. मॅक्गान यांनी काही केलं नाही. शनिवारच्या हत्याकांडाची पुनरावृत्ती करण्यापेक्षा आपण राजीनामा देऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि तो दिवसही शनिवारच होता. वॉटरगेटच्या चोरीला त्या दिवशी ४५ वर्षं झाली होती.

नंतर जॅक स्मिथ, नेमणूक नोव्हेंबर २०२२. ट्रम्प यांच्यावर दोन खटले. त्यातला गोपनीय कागदपत्रांचा खटला फ्लोरिडातल्या न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी १५ जुलै २०२४ ला काढून टाकला. कारण? स्मिथ यांची नेमणूकच घटनेला धरून नाही. एवढा मोठा अधिकारी अध्यक्षाने नेमावा आणि सिनेटने मंजूर करावा, किंवा संसदेने तशी वाट स्पष्ट कायद्याने दिलेली असावी. इथे दोन्ही नाही. मग १९७४ च्या टेपच्या निकालाचं काय? त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की अ‍ॅटर्नी जनरलला असा अभियोक्ता नेमता येतो. कॅनन म्हणाल्या, ते जाता जाता म्हटलेलं वाक्य आहे, बंधनकारक नाही.

मला हा निकाल पटत नाही. शनिवारी तिघांपुढे जो प्रश्न उभा होता, त्याचा पायाच हा होता की ही नेमणूक खरी आहे आणि दिलेला शब्द बांधतो. ते वाक्य ओघात आलेलं नव्हतं. पण कॅनन यांचा प्रश्न पोकळ नाही, हेही मानायला हवं. अमर्याद अधिकाराचा माणूस कोणत्या कायद्याने आला, हे विचारण्याचा आरोपीला हक्क आहे, मग आरोपी कोणीही असो. बायडन यांचे चिरंजीव हंटर यांच्या वकिलांनीही त्यांच्यावरच्या अभियोक्त्याविरुद्ध हाच मुद्दा काढला होता. तिथल्या न्यायाधीशांनी तो मानला नाही.

सरकार अपिलात गेलं. तेवढ्यात नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले. पदावरच्या अध्यक्षावर खटला चालवायचा नाही, हे न्यायखात्याचं जुनं धोरण. स्मिथ यांनी दोन्ही खटले मागे घेतले, जानेवारीत स्वतःही बाहेर पडले. त्याच महिन्यात उरलेल्या दोन सहआरोपींविरुद्धचं अपीलही सरकारने सोडलं. त्यामुळे सुप्रीम कोर्टात हा प्रश्न गेलाच नाही. एका जिल्हा न्यायालयाचा निकाल एका बाजूला, बाकीच्यांचे दुसऱ्या बाजूला, असं ते तसंच पडून आहे.

पुढच्या बुधवारी, याच वेळी, त्या पुसलेल्या साडेअठरा मिनिटांबद्दल आणि निक्सन यांच्या सेक्रेटरीबाईंनी कोर्टात दिलेल्या साक्षीबद्दल बोलू. नमस्कार.