366 दिवस

टेबलावर कागद मांडलेत. घरभाड्याचा करार, कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, बँकेचं स्टेटमेंट, राज्याचं टॅक्स रिटर्न. तपासणारा प्रत्येकावर आधी तारीख शोधतो.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात मास्टर्स किंवा पीएचडी करणारा राज्याबाहेरचा विद्यार्थी नेहमीच्या फीवर बहुतेक अभ्यासक्रमांना वर्षाला आणखी 15,000 डॉलरच्या वर भरतो. ते वाचवायचे तर रहिवासी ठरावं लागतं. आपल्याकडे डोमिसाइलचा दाखला जोडला की भागतं. तिथे असा एक दाखला नसतो. रहिवास विद्यार्थ्यानेच कागदोपत्री सिद्ध करायचा.

प्रत्येक सत्रासाठी एक तारीख ठरलेली असते. तिच्या मागचे किमान 366 दिवस तुम्ही कॅलिफोर्नियात राहिलेले हवेत. चार दिवस कमी पडले, तरी त्या सत्राची जादा फी भरावीच लागते.

नुसतं राहूनही चालत नाही. इथेच स्थायिक व्हायचंय, हे कागदांतून दिसायला हवं. अर्ज फसतात ते बहुतेक इथेच. घर घेतलं जुलैत, लायसन्स काढलं फेब्रुवारीत, गाडीला अजून न्यू जर्सीची नंबर प्लेट. मग प्रश्न येतो, तुमचा इरादा नक्की कधीपासूनचा? राज्याचा नियम स्पष्ट आहे: रहिवासी झाल्यापासून लायसन्ससाठी 10 दिवस, गाडीच्या रजिस्ट्रेशनसाठी 20. पहिल्याच आठवड्यात ही कामं उरका. मागची तारीख नंतर कुठूनही आणता येत नाही. उन्हाळ्याची सगळी सुट्टी आई-वडिलांकडे दुसऱ्या राज्यात काढली, किंवा त्यांनी टॅक्समध्ये तुम्हाला अवलंबित दाखवलं, तर प्रकरण अवघड होतं. लग्नकार्यासाठी आठवडाभर पुण्याला जाऊन आलात, तर परत कधी आलात हे दाखवायला तिकिटं जपून ठेवा.

व्हिसाचं आधीच बघा. एफ-1 (विद्यार्थी) किंवा जे-1 (एक्स्चेंज) व्हिसावर कितीही वर्षं राहिलात तरी रहिवासी ठरत नाही. एच-1बी (नोकरीचा व्हिसा), एच-4 (एच-1बीवाल्याच्या जोडीदाराचा किंवा मुलांचा) आणि ग्रीन कार्डवाल्यांना दार उघडं आहे, बाकीच्या अटी पाळून. फ्रीमाँट-सनीव्हेलमध्ये एच-4 वर राहणाऱ्या आपल्या कितीतरी मुली पुन्हा शिकायला निघतात. त्यांनी हे जरूर तपासावं. मात्र लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणीचा भाग येतो, तो भरू नका. नागरिक नसताना केलेली नोंदणी पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडते.

वर्ष भरलं म्हणून ‘राज्याबाहेरचा’ हा शिक्का आपोआप बदलत नाही. प्रवेशाच्या वेळी बाहेरचे ठरलात, तर सत्राआधी मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो.

एफ-1 वरच्या पीएचडीवाल्यांना मात्र एक सवलत आहे. कॅन्डिडसीची, म्हणजे प्रबंधाकडे वळण्याआधीची, परीक्षा पार झाली की ही जादा फी जास्तीत जास्त तीन वर्षं माफ होते. ही परीक्षा साधारण कधी देता येईल, हे गाइडला पहिल्याच वर्षी विचारून ठेवा.