पंखा अर्धा फिरतो अन् थांबतो

मघाशी इथल्या एका पोरानं विचारलं, "भाऊ, जुनी हार्डडिस्क लावली अन् कंप्युटर मेला, आता?" मेला नाही बाप्पा. तुला दिसलं काय, ते आधी सांग. पंखा फिरतो पण विंडोज येत नाही, हा एक आजार. पंखा फिरतच नाही किंवा अर्धा फिरून थांबतो, हा वेगळा.

पहिला सोपा. बायोसनं, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामनं, नव्यानं जोडलेल्या डिस्कला पहिला नंबर दिलेला असतो, तिच्यावर विंडोज नसतं, म्हणून 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा इंग्रजी मजकूर येतो. डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये जा, विंडोजवाली डिस्क वर घ्या, सेव्ह करा. एवढ्यासाठी अख्खं फॉरमॅट मारून पैसे घेणारे आहेत. फोटो अन् हिशेब त्यातच जातात. रोज तेच होत असेल अन् घड्याळही मागे पडत असेल, तर बोर्डावरचा 3 व्होल्टचा गोल सेल बदला.

आता दुसरा. कापसाच्या हंगामात हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधून फोन आला. वजनकाट्याचा कंप्युटर बंद, बाहेर ट्रॅक्टरची रांग. मुनीमजींनी जुना हिशेब काढायला बंद पडलेल्या कंप्युटरची डिस्क यात जोडली होती. मी बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला, एक 'टिक', थांबला. पुन्हा दाबलं, तेच.

"बोर्ड उडाला का जी?" मुनीमजींचा चेहरा उतरलेला.

मी प्लग काढला, त्या डिस्कच्या दोन्ही केबल सोडवल्या, बटण दाबलं. सुरू! आधी रांग हलू दिली. जे शेवटी जोडलं ते काढून पाहायला दोन मिनिटं लागतात, पण आपण लोक पहिले रॅम काढून घासत बसतो.

रात्री काटा बंद झाल्यावर डिस्क पाहिली. फक्त 7 पिनची डेटा केबल लावली, कंप्युटर चालू. बंद करून 15 पिनची पॉवरची रुंद केबल लावली की लगेच 'टिक'. एसएमपीएसची, म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची, दुसरी वायर लावली, तरी तेच. म्हणजे दोष डिस्कच्याच सर्किटमध्ये. पॉवरच्या पिनांजवळ दोन काळे डायोड असतात, एक 12 व्होल्टच्या लाइनवर, एक 5 च्या. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होतात अन् बाकी सर्किट वाचवतात. शॉर्ट दिसला की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. 12 च्या डायोडवर मीटरची बीप वाजली, म्हणजे तोच शॉर्ट.

तो डायोड काढला, अन् नशिबानं डिस्क फिरली. पण आता तिला राखण नाही, म्हणून हिशेब तेवढा उतरवून ती बाजूला ठेवली. घरी हा प्रयोग करू नका. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तिला पुन्हा करंटच देऊ नका.

चहा पिताना विचारलं, जुना कंप्युटर बंद कसा पडला? मुनीमजी म्हणाले, "लाईन आली-गेली, अन् जळाल्यासारखा वास आला होता जी. म्हटलं, डिस्क तर चांगली असेल."