गच्चीवरचा बार

(गच्ची, सकाळ. कठड्याशी टेकवलेला पाइप, दोन्ही टोकांना रंगाचे डबे.)

व्यायामाचा हा बार 2020 सालचा. पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, पाच फूट लांब. दोन्ही टोकांना रंगाचे चार-चार लिटरचे डबे, आत काँक्रीट. सगळं मिळून साधारण 21 किलो.

मार्चमध्ये कोविडमुळे जिमना कुलपं लागली. महाराष्ट्रात ती निघाली 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. 3 जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात धावायला, सायकल चालवायला मोकळीक मिळाली; पण वजन उचलायची सवय लागलेल्या विशीतल्या पोरांचं तेवढ्यावर भागेना.

(मगाने वाळू मोजणारे हात.)

एक मग सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मं. माल सैल वाटला की हात पाण्याकडे जातोच, आणि मग आठवड्याभरात डब्याच्या तोंडाशी भेगा दिसतात.

पाइप एक इंची घेतला तर बाहेरून 33 मिलिमीटरच्या वर जातो, मूठ नीट मिटत नाही. पाऊण इंची सुमारे 27 भरतो. जिममधला बार 28 चा असतो.

(पाइपाचं टोक, जवळून.)

हे दोन बोल्ट बघा, एकमेकांना आडवे घातलेले. ते नसतील तर काँक्रीट आणि गुळगुळीत पाइप यांची पकड महिनाभरात सुटते. डबा जागेवर गरगर फिरतो, आणि एक दिवस खांद्यावरून उतरवताना निसटतो.

पहिला डबा ओतला की पाइप ओळंब्यात धरून चारी बाजूंनी दोरीने ताणायचा. चोवीस तास थांबून मगच उलटा करून दुसरा डबा. दोन्ही एकाच रेघेपर्यंत भरायचे, नाहीतर बार एका खांद्याकडे झुकतो. पुढे सात दिवस ओलं गोणपाट.

(दारात अडकवलेली चादर.)

ज्यांच्याकडे सिमेंट नव्हतं त्यांनी नुसते जोर मारले. महिनोन् महिने जोरच, म्हणून छाती भरली आणि खांदे पुढे आले. पाठीला ओढीचा व्यायाम लागतो. त्यासाठी चादरीच्या टोकाला गाठ मारून ती दाराच्या पलीकडे टाकायची, दार लावायचं आणि मागे रेलून अंग ओढायचं. आपल्याकडे उघडणारं दार मात्र नको. कडी निसटली की पाठीवर आपटलात!

वजन तर 21 किलोच राहणार. मग बैठक जड करायची ती वेळेने: तीन सेकंद खाली, तळाशी एक सेकंद थांबा, मग वर. जिममध्ये प्लेट वाढवायची घाई असायची. सावकाश खाली जाणं पोरं शिकली ती या गच्चीवर.

(बंद शटर.)

एप्रिल 2021 मध्ये जिम पुन्हा बंद झाल्या. कित्येक कायमच्याच. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेने 2023 मध्ये 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास मांडला. कोविडने रुग्णालयात राहिलेल्यांना आणि आदल्या 48 तासांत जबर व्यायाम केलेल्यांना धोका जास्त दिसला.

(पुन्हा गच्ची. मुलगा बार उचलतो.)

जिमची फी भरलेली आहे, तरी रविवारी बार इथेच उचलला जातो. बोल्टच्या भोकाशी गंज धरलाय, कारण ड्रिल मारलं तिथलं जस्त गेलं. पावसाळ्याआधी तेवढ्याच जागी झिंक प्रायमरचा एक हात बसतो.