हिरवा चुडा, निळा पडदा

[दृश्य : दांडिया बाजारातली अरुंद गल्ली, सकाळची वेळ. दूधवाल्याची सायकल. कॅमेरा एका नव्या इमारतीवर स्थिरावतो.]

बडोद्याच्या दांडिया बाजारात जिथे ही इमारत उभी आहे, तिथे काकूंचा वाडा होता. त्याचा तळहाताएवढा एकच फोटो उरलाय. दार, ओटा, शेजारी तुळशीवृंदावन आणि ओट्यावर कोट घालून उभे असलेले काकूंचे वडील. काकूंनी त्याच ओट्यावर बसून आपलं लहानपण सांगावं, एवढीच आमची इच्छा होती. वाडा पडला, पण फोटोत तो उभा आहे. मग काकूंना फोटोत नेऊन बसवायचं, म्हणजे कंपोझिटिंग करायचं.

[दृश्य : हॉलमध्ये टांगलेलं हिरवं कापड. समोर स्टूलावर काकू. बांगड्यांचा क्लोजअप.]

पहिल्या दिवशी आम्ही हिरवं कापड लावलं. सगळेच हिरवं लावतात, आणि त्याला कारणही आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एकट्या लाल किंवा एकट्या निळ्या रंगाचे जितके बिंदू असतात, त्याच्या दुप्पट हिरव्याचे असतात. म्हणून हिरवा चॅनल, म्हणजे चित्रातली फक्त हिरव्याची नोंद, सगळ्यांत स्वच्छ येतो आणि की करायला, म्हणजे तो रंग उडवून माणूस वेगळा काढायला, सोपा जातो. संध्याकाळी फुटेज उघडलं, हिरवा रंग उडवला, आणि काकूंचे दोन्ही हात मनगटाशी तुटलेले दिसले. पंजे वेगळे, हात वेगळे, मध्ये हवा.

हिरवा चुडा. आमच्या घराघरांत सवाष्णीच्या हातात असतो तो, आणि आमच्यापैकी एकालाही तो दिसला नव्हता. बांगड्या उतरवायला सांगणं आमच्या मनातही आलं नाही. कापड बदललं.

निळं कापड लावलं की प्रकाश जास्त लागतो. निळ्या चॅनलमध्ये दाणे, म्हणजे चित्रातली बारीक ठिपक्यांची खरखर, जास्त येतात, आणि अंधारात ते आणखी वाढतात. म्हणून कापडाला वेगळे दोन दिवे दिले, दोन्ही बाजूंनी, एकसारखे. एक कोपरा उजळ आणि दुसरा काळपट राहिला तर सॉफ्टवेअरला एक निळा नाही, दहा निळे काढावे लागतात. काकूंना कापडापासून सात-आठ फूट पुढे बसवलं. जवळ बसवलं असतं तर कापडाचा निळा उजेड त्यांच्या खांद्यांवर, साडीच्या काठावर आणि सगळ्यांत जास्त त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडला असता. काळे केस हा रंग लपवतात, पांढरे तो दाखवतात. साडी त्यांनी स्वतःच निवडली, डाळिंबी इरकल. निळ्याच्या जवळपासही नाही.

शटरचं एक सांगतो, कारण इथे बरेच जण चुकतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. साध्या ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली शूट करत असाल तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. तसं लुकलुकणारं कापड दर फ्रेमला वेगळ्या उजेडाचं होतं आणि की हलत राहते.

[दृश्य : संगणकाचा पडदा. काकूंची आकृती काळ्या-पांढऱ्या मॅटमध्ये.]

हा मॅट बघा. पांढरं म्हणजे काकू, काळं म्हणजे कापड. केसांच्या टोकांशी राखाडी आहे, आणि सगळं कसब त्या राखाडीत आहे. एकाच कीने केस आणि साडी दोन्ही साधायचा हट्ट धरू नये. अंगासाठी एक घट्ट की, आत कुठेही भोक नसलेली. केसांसाठी दुसरी, हलकी, राखाडी जपणारी. भोवती मोठा ढोबळ मास्क, म्हणजे हद्दीची रेघ, काढून स्टँड, दिवे, कापडाच्या सुरकुत्या आधीच फेकून द्या. मग दोन्ही मॅट एकत्र करा. केसांवर उरलेला निळा असा काढतात : जिथे निळा हिरव्यापेक्षा वर चढतो, तिथे त्याला हिरव्याच्या पातळीवर आणायचं. पांढरे केस पुन्हा पांढरे होतात.

साध्या कॅमेऱ्याचं आणि मोबाइलचं फुटेज बहुतेक 4:2:0 असतं, म्हणजे चार पिक्सेलांमागे रंगाची नोंद एकच. उजेड बारीक नोंदला जातो, रंग मात्र जाडाभरडा. म्हणून कडा पायऱ्यापायऱ्यांची येते. कॅमेरा 4:2:2 (रंगाची नोंद दुप्पट) आणि 10 बिट (छटा जास्त) देत असेल तर कीसाठी तेच घ्या. नसेल देत तर शॉट मोठा घ्या, काकू फ्रेमभर येऊ द्या, आणि नंतर लहान करा.

[दृश्य : कलाभवनाची इमारत, संथ पॅन.]

हे सगळं करताना आम्हाला आपल्याच गावातली एक गोष्ट आठवत होती. ही इमारत बडोद्याचं कलाभवन. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलं. आज इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. त्याच 1890 मध्ये वीस वर्षांचा एक मुलगा इथे शिकायला आला, धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला, फोटोग्राफी असं बरंच काही तो इथे शिकला. पुढे 1912 मध्ये दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचं एकेक चौकट असं चित्रण केलं. आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो तेच. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून पडद्यावर चमत्कार दाखवायचे, तेही त्यांनी केलं. तिथे अनडू नव्हतं. हात कुठे येईल, उजेड कुठून पडेल, हे आधी मनात बांधावं लागे. आमच्या कामातही दहातला आठ भाग शूटच्या दिवशीच ठरतो, सॉफ्टवेअर कुठलंही असो.

[दृश्य : जुना फोटो पडद्यावर. त्यावर रेषा काढल्या जातात.]

शूटच्या आधी फोटोवर आम्ही दोन रेघा ओढल्या. ओट्याची कड आणि दाराच्या चौकटीची वरची कड पुढे वाढवली की त्या एका ठिकाणी मिळतात, आणि फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा कोणत्या उंचीवर होता ते कळतं. आमच्या फोटोत ती उंची उभ्या माणसाच्या छातीएवढी निघाली. आमचा कॅमेरा तेवढ्याच उंचीवर लावला. तो चुकला तर माणूस ओट्यावर बसत नाही, ओट्यावर चिकटवल्यासारखा दिसतो, आणि कुठलाही इफेक्ट ते झाकत नाही. दुसरं, सावल्या. फोटोत ऊन डावीकडून येतंय, म्हणून काकूंवरही डावीकडूनच मुख्य दिवा.

बसवल्यावर काय जुळवायचं? आधी काळा. जुन्या फोटोतला काळा हा काळा नसतोच, तो विटून राखाडी तपकिरी झालेला असतो. काकूंच्या पदराखालची सावली मात्र कोळशासारखी. ती फोटोच्या काळ्यापर्यंत वर उचलली. मग दाणे : फोटोत आहेत, काकूंवर नाहीत, म्हणून काकूंवर घातले. मग पावलांखालची, ओट्याला टेकलेली सावली. ती जिथे टेकते तिथे गडद आणि लांब जाताना विरळ असावी. तपासायची आमची रीत सांगतो : फक्त निळा चॅनल उघडा, मग चित्राचा उजेड मुद्दाम खूप वाढवून बघा. जे नीट जुळलेलं नाही ते लगेच वर येतं.

[दृश्य : शीर्षक कोऱ्या कागदावर उमटतं : दांडिया बाजार.]

शीर्षकाबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलावंसं वाटतं. तयार टेंप्लेटमध्ये देवनागरी टाकली की शब्दाचे हाल होतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. अक्षरं एकेक करून आणली तर ‘डि’ची वेलांटी कुठे आणि ‘ड’ कुठे. वेलांटी टाइप होते ‘ड’नंतर आणि दिसते आधी, आणि सॉफ्टवेअरला हे नेहमी समजतंच असं नाही. म्हणून अक्षर सुटं हलवण्याऐवजी अख्खा शब्द हलवा. किंवा आम्ही केलं तसं करा. शब्दाचे आकार करून घेतले आणि मास्कने तीन भाग पाडले : रेघेखालचं, रेघ, आणि रेघेवरचं. आधी खालची अक्षरं, मग डावीकडून उजवीकडे एका ओघात शिरोरेषा, शेवटी ‘दां’वरचा टिंब. शाळेत पाटीवर बाई अशाच लिहायच्या.

आणि गती? बडोद्यातल्या घरात झोपाळा असतोच. त्याच्याकडे बघा. टोकाला पोचताना तो हळू होतो, क्षणभर थांबतो, मध्यातून वेगाने जातो. कीफ्रेमना, म्हणजे हालचाल जिथे सुरू होते आणि संपते त्या खुणांना, दोन्ही टोकांना असाच वेग द्या. सरळ रेषेतली गती यंत्राची वाटते.

[दृश्य : काकू लॅपटॉपसमोर. त्यांचं बोट पडद्यावर.]

शॉट तयार झाला आणि आम्ही काकूंच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला. मग म्हणाल्या, “अरे, तुळस इकडे नव्हती. घरात शिरताना डाव्या हाताला होती. मी रोज पाणी घालायचे.”

आम्ही फोटो मोठा केला. वडिलांच्या कोटाचा वरचा खिसा उजव्या छातीवर होता. खिसा डावीकडे असतो. कधीतरी कोणीतरी निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली होती. आम्ही इतके दिवस आरशातल्या वाड्यात काम करत होतो. जुना फोटो हातात आला की कापायला घेण्याआधी खिसे, बटणं, घड्याळ, पाटीवरची अक्षरं बघा.

सगळं चित्रच उलटवून चाललं नसतं. काकूंचा पदर दुसऱ्या खांद्यावर गेला असता, आणि हे त्यांना पहिल्या क्षणाला कळलं असतं. फोटो सरळ केला. ऊन आता उजवीकडून येत होतं.

[दृश्य : तोच हॉल, तेच निळं कापड. दिवा डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला जातो. काकू इरकल नेसून स्टूलावर बसतात, बांगड्या सारख्या करतात.]

“बोल,” काकू म्हणाल्या, “कुठून सुरुवात करू?”