‘मनमिळाऊ’ एवढंच?

मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘दिवंगत माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी कशा ठेवाव्यात’, तिकडे मी येणारच आहे, पण त्याआधी मला एका शब्दाबद्दल बोलायचंय. मनमिळाऊ.

आमच्या बॅचची एक मैत्रीण तीन वर्षांपूर्वी गेली. कॉलेजच्या वार्षिक अंकात चार ओळी आल्या, नाव, बॅच, ‘दुःखद निधन’, आणि मग ‘त्या अत्यंत मनमिळाऊ व हसतमुख होत्या’. नाव सासरचं छापलेलं, त्यामुळे आमच्यातल्या निम्म्या लोकांना कळलंच नाही की ही आपलीच ती. मला फार लागलं हो ते. आणि ती मनमिळाऊ अजिबात नव्हती! (हशा) हसताय, म्हणजे तिला ओळखणारे आहेत इथे. प्रॅक्टिकलला ब्युरेटचं, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या त्या खुणांच्या काचनळीचं, रीडिंग घेताना ती गुडघ्यात वाकून डोळा बरोबर द्रवाच्या रेषेच्या पातळीत आणायची, आणि शेजारच्याने उभ्या उभ्या आकडा टिपला की त्याची वही ओढून घ्यायची, ‘परत घे’ म्हणायची. सर गप्प बसायचे, ही नाही.

पुढे तिने तीस वर्षं पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काढली. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात क्षार किती ते, मोजायचा म्हणजे परत ब्युरेट आलीच! हाताखालच्यांना तिने तसंच वाकायला लावलं, शंका असलेल्या रिपोर्टवर सही केली नाही, त्यापायी दोनदा बदली झाली. हे मला कुठे कळलं, तर तिच्या घरी भेटायला गेलो तेव्हा, निघताना दारात चपला घालता घालता, तिच्याकडे शिकलेल्या एका मुलाकडून. पन्नास वर्षांची ओळख आमची, आणि हे दारात कळतं. तो मुलगा त्या दिवशी आला नसता तर?

एवढं सगळं चार ओळींत मावत नाही हे मान्य, पण ‘हसतमुख’ काढलं असतं तर ‘पाणी तपासायची’ एवढं नक्की मावलं असतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग भरभर सांगतो.

व्हेन आकृती आपण सगळ्यांनी काढल्यात, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं. त्या जॉन व्हेननी उतारवयात केंब्रिजच्या जुन्या विद्यार्थ्यांची नोंदवही करायला घेतली, पहिला खंड १९२२ साली आला, १९२३ साली ते गेले, मुलाने काम पुढे नेलं आणि दहावा खंड निघाला १९५४ साली. सुरुवातीपासून १९०० पर्यंत प्रवेश घेतलेले, जेवढे सापडले तेवढे सगळे. पदवी न घेता गेलेलेसुद्धा! मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, कारण आपण फक्त नाव काढलेल्यांचे फोटो लावतो. येल विद्यापीठ १९५२ पर्यंत दिवंगत पदवीधरांच्या नोंदी छापायचं, आईवडील कोण, कामधंदा काय, कुठे कुठे राहिला, पुष्कळदा कशाने गेला तेही. विशेषणं कमी, माहिती जास्त.

आपण काय करायचं? कॉलेजातलं नाव आणि नंतरचं नाव, दोन्ही लिहायची. नोकऱ्या सालासकट. शिक्षण अर्धवट सुटलं असेल तर तेही लिहायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. घरच्यांना विचाराच, पण सोबत काम केलेल्या एकाला तरी फोन करा, घरच्यांना ऑफिसातलं माणूस माहीत नसतं. आणि जे आहेत त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या, संकोच वाटतो, मलाही वाटला, पण लोक भरभरून सांगतात.

हो हो, संपवतो. तिची नोंद मी लिहून आणलीय, पान भरलंय, फक्त एक जागा कोरी आहे. पहिल्या बदलीनंतर दोन वर्षं ती कुठल्या लॅबला होती ते घरी कुणालाच आठवत नाहीये. इथे कुणाला माहीत असेल तर जाताना जरा थांबा, मी दाराशीच आहे.