चार फुटांच्या गॅलरीची मांडणी

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्या-मुंबईच्या सदनिकांमध्ये साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी गॅलरी अनेकांच्या वाट्याला येते. घराचा ताबा मिळाला की सरकत्या काचा लावून ती दिवाणखान्यात सामावून घेतली जाते, नाहीतर रिकाम्या खोक्यांची आणि जुन्या सायकलची अडगळ तरी होते. मला दोन्हींचे वाईट वाटते, कारण पाय मोकळे सोडून आभाळाकडे पाहता येईल अशी घरातली तेवढीच एक जागा असते.

मांडणीला हात घालण्यापूर्वी आठ दिवस काहीही विकत आणू नये, एवढी माझी विनंती आहे. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला ऊन कुठवर येते, ते खडूने फरशीवर आखून ठेवावे. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्याचे तिरपे ऊन आतपर्यंत येते, तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असल्यामुळे ते जवळजवळ येतच नाही. पश्चिमेची गॅलरी चैत्र-वैशाखात भाजून निघते; तिथे नाजूक पानांची झाडे न ठेवता मधुमालतीसारखा वेल कठड्यावर चढवला, तर झाडही टिकते आणि मागची खोलीही निवते. उत्तरेच्या गॅलरीत फुलांचा हट्ट सोडून नेचे आणि मनी प्लांट लावावेत.

यापुढचा विषय वजनाचा आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो, तर निवासी इमारतीतील बाल्कनीसाठी सुमारे 300 किलो वापराचा भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरला जातो. आता एक फूट जाडीचा मातीचा वाफा पाण्याने भिजला की त्याच एका चौरस मीटरवर 500 किलोंच्या आसपास वजन येते. म्हणून गच्चीवर सलग वाफे करण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याला विचारावे, आणि कुंड्यांमध्ये निव्वळ माती न भरता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेला पालापाचोळा व शेणखत यांचे हलके मिश्रण वापरावे. गॅलरी भिंतीतून बाहेर काढलेली असते; त्यामुळे कठड्याकडच्या टोकाला ठेवलेली जड कुंडी तीच कुंडी भिंतीशी ठेवण्यापेक्षा अधिक ताण देते. जड ते भिंतीशी आणि हलके ते कठड्याशी, असा क्रम ठेवावा. कठड्यावर किंवा त्याच्या बाहेरच्या अंगाला मात्र एकही कुंडी नको. वाऱ्याच्या एका झोताने ती खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर पडू शकते.

पाण्याचा धडा मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. आमच्या गच्चीवर पाणी जाण्याच्या जाळीलगत मी कुंड्यांची रांग लावली होती. पहिल्याच मुसळधार पावसात वाहून आलेल्या पानांनी जाळी बुजली, रात्रभर पाणी साचले आणि कोब्याच्या एका भेगेतून ते खालच्यांच्या छतात उतरले. तेव्हापासून जाळीभोवती दोन फूट जागा मी मोकळी ठेवतो आणि प्रत्येक कुंडी विटांवर उचलून ठेवतो, म्हणजे खालची फरशी सुकते आणि झाडताही येते. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून दोनदा ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

इतके सांभाळल्यावर बसण्याचा विचार करावा. सुट्या खुर्च्या चार फुटांत वाट अडवतात. त्यापेक्षा आखूड बाजूच्या भिंतीला लागून दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच असा लाकडी बाक करावा, ज्याच्या पोटात खुरपे, झारी आणि खताची पिशवी राहील. कपडे वाळत घालणे आपल्या घरांत टळत नाही, तेव्हा ते लपवण्याची खटपट न करता दोरीने वर-खाली होणाऱ्या दांड्या छताला लावाव्यात, म्हणजे खालची जागा मोकळी राहते. दिवा छताला न लावता भिंतीवर खाली, पिवळसर आणि मंद असावा. डोळ्यांवर प्रखर उजेड आला की बाहेरचा अंधार दिसेनासा होतो.

आणि दिवसाचे चार-पाच तास ऊन येत असेल, तर मोगऱ्याची कुंडी बाकाच्या अगदी हाताशी ठेवावी. उन्हाळ्यात त्याच्या कळ्या संध्याकाळी उमलू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपण कामावरून येऊन तिथे टेकलेले असतो.